तळपायाचा नकाशा

आपल्या भाषेत माणसाला राग येतो तो डोक्यात येत नाही. तो तळपायापासून निघतो आणि मस्तकाला जाऊन भिडतो. शरीराच्या या दोन टोकांमध्ये एक सरळ रस्ता आहे, हे गृहीत धरल्याखेरीज ‘तळपायाची आग मस्तकाला जाणे’ हा वाक्प्रचार सुचणारच नाही. वाग्भटानेही ‘अष्टांगहृदया’त रोज अंगाला तेल लावण्यास सांगून डोके, कान आणि पाय यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे असे बजावले आहे. चरकसंहितेत पादाभ्यंगाचे जे गुण दिले आहेत, त्यांत पायांचा खरखरीतपणा, बधिरपणा आणि थकवा जातो हे तर आहेच, पण दृष्टी निवळते हेही आहे. तळव्याला तूप चोळले म्हणजे डोळ्याला थंडावा मिळतो, हे आपल्या आज्यांना कोणत्याही संहितेतून शिकावे लागले नव्हते. काशाची वाटी घ्यायची, तळव्याला तूप लावायचे आणि वाटीच्या बुडाने चोळत बसायचे. तूप काळे पडले की ‘बघ, किती उष्णता निघाली!’ असे म्हणायचे. ते काळेपण काशातल्या तांब्याचे असते, पायातल्या उष्णतेचे नव्हे. परंतु वाटीखाली पाय दिलेला माणूस तोवर घोरू लागलेला असल्यामुळे हा वाद सहसा उपस्थित होत नसे.

आज हीच गोष्ट ‘रिफ्लेक्सॉलॉजी’ हे भारदस्त नाव धारण करून मोठमोठ्या कचेऱ्यांत शिरली आहे. कामाचा ताण कमी व्हावा म्हणून आठवड्यातून एक दिवस पाय दाबणारा तज्ज्ञ बोलावतात, एका खोलीत मंद दिवा लावतात आणि नोकरमंडळींना पाळीपाळीने पंधरा-पंधरा मिनिटे आत सोडतात. भिंतीवर दोन तळव्यांचे रंगीत चित्र असते. अंगठ्यावर मेंदू, बोटांच्या बुडाशी डोळे आणि कान, चवड्यावर फुप्फुसे, कमानीत जठर आणि मूत्रपिंडे, टाचेकडे आतडी. नको त्या ठिकाणी दाबले तर यकृतच हाती येईल की काय, अशी धास्ती वाटावी इतका तो नकाशा तपशीलवार असतो. खाली बहुधा एक ओळ छापलेली असते: ही विद्या पाच हजार वर्षांची जुनी असून इजिप्त आणि चीन येथे ती प्रचलित होती.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. ‘पाच हजार वर्षे’ हे शब्द दिसले की माझा हात आपोआप तांबड्या पेन्सिलीकडे जातो.

इजिप्तचा पुरावा म्हणून जे दाखवतात ते सक्कारा येथील अंखमाहोर नावाच्या वजिराच्या थडग्यातले भित्तिशिल्प होय. त्याचा काळ ख्रिस्तपूर्व सुमारे २३३०. त्यात काही माणसे बसली आहेत आणि दुसरी काही माणसे त्यांचे हात आणि पाय हातांत घेऊन काहीतरी करीत आहेत. एवढे खरे. आता ती माणसे पाय दाबून यकृत सुधारीत आहेत, की नखे कापून साफ करीत आहेत, हे शिल्प सांगत नाही. नखे आणि हातपाय यांच्या निगेचे हे दृश्य असावे असेच अनेक अभ्यासक मानतात. त्या तळव्यांवर नकाशा मात्र कोणी काढलेला नाही. पाय दाबणे प्राचीन आहे याबद्दल शंकाच नको. ते सर्व देशांत प्राचीन आहे, कारण सर्व देशांत माणसे चालून चालून दमली. आपल्या ‘चेपणे’, ‘चांपणे’ या कुळातलाच एक शब्द पाटण्याला १७५९ साली जन्मलेल्या शेख दीन महंमदाने विलायतेत नेला. इंग्लंडातील ब्रायटन येथे त्याने वाफेच्या स्नानाचे आणि अंग चेपण्याचे दुकान थाटले, १८२२ साली त्यावर पुस्तक लिहिले आणि राजाचा चेपणकार ही पदवी मिळवली. त्या शब्दाचा पुढे ‘शँपू’ झाला, अंगावरून डोक्यावर चढला, आणि आज बाटलीत बसून आपल्याच न्हाणीघरात परत आला आहे.

पण नकाशा वेगळा. नकाशाचे जन्मगाव अमेरिकेतील कनेटिकट संस्थानातले हार्टफर्ड, आणि त्याचे वय शंभर वर्षांहून थोडे अधिक.

त्या गावी विल्यम फिट्झजेरल्ड नावाचे कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. जन्म १८७२ चा. व्हिएन्ना आणि लंडन येथे काम करून आलेले. नाकातोंडाच्या बारीकसारीक शस्त्रक्रिया करताना त्यांच्या असे ध्यानात आले की, रोग्याच्या हाताच्या किंवा पायाच्या ठरावीक जागी जोराचा दाब दिला तर काही वेळ त्याला वेदना कमी जाणवते. यावरून त्यांनी माणसाचे शरीर डोक्यापासून पायांपर्यंत उभ्या दहा पट्ट्यांत विभागले, पाच डावीकडे, पाच उजवीकडे. प्रत्येक पट्टा एकेका बोटात जाऊन संपतो. ज्या पट्ट्यात दुखणे असेल त्याच पट्ट्यातले बोट दाबावे. त्यासाठी ते कपडे वाळत घालण्याचे चिमटे, रबराचे पट्टे आणि धातूचा कंगवा वापरीत. १९१५ साली एडविन बॉवर्स या त्यांच्या सहकाऱ्याने एका लोकप्रिय मासिकात लेख लिहून दातदुखीवर पायाचे बोट दाबण्याचा सल्ला दिला, आणि १९१७ मध्ये दोघांचे मिळून पुस्तक निघाले. हाताच्या दहाही बोटांना चिमटे लावून बसलेला सुशिक्षित गृहस्थ हे दृश्य त्या काळी किती घरांतून दिसले असेल याची कल्पना करून पाहावी. डॉक्टरबंधूंनी मात्र फिट्झजेरल्डना फारसे मनावर घेतले नाही.

ही विद्या हातापासून पायाकडे आणि पुरुषांकडून स्त्रियांकडे नेली ती युनिस इंगहॅम या बाईंनी. जन्म १८८९, मृत्यू १९७४. फ्लॉरिडात डॉक्टर जो रायली यांच्याकडे त्या अंगमर्दनाचे काम करीत. रायलींनी फिट्झजेरल्डच्या पद्धतीत आडव्या रेघा घातल्या होत्या. इंगहॅमबाईंनी चिमटे आणि कंगवे फेकून दिले, स्वतःचा अंगठा वापरला, आणि शेकडो रोग्यांचे तळवे दाबून जेथे जेथे दुखते म्हणाले तेथे तेथे एकेक अवयव मांडला. १९३८ साली त्यांचे पुस्तक निघाले; पायांना सांगता येतील अशा कथा, या अर्थाचे त्याचे नाव. पुढे तीसेक वर्षे बाई गावोगाव फिरल्या, वर्ग घेतले, पुस्तके विकली. आज भिंतीवर टांगलेला नकाशा मूळ त्यांचा. ‘रिफ्लेक्स’ हा शब्द शरीरशास्त्रज्ञांच्या दप्तरातून उचललेला आहे. रशियात बेख्तेरेव्ह यांनीही आपल्या मानसशास्त्राला हेच नाव दिले होते, पण त्याचा पायांशी काही संबंध नव्हता. नामसादृश्याने फसू नये.

बाईंचे मला कौतुक वाटते. वैद्यकीय पदवी नाही, कोणा विद्यापीठाचा टेकू नाही, आणि तरी अर्ध्या जगाच्या तळव्यांवर त्यांनी आपला नकाशा छापला. डोरीन बेली या त्यांच्या शिष्येने १९६० नंतरच्या दशकात तो इंग्लंडात नेला, हाने मार्कार्ट यांनी जर्मनीत. तैवानचा प्रवास तर आणखी गमतीचा. योझेफ ऑयग्स्टर हे स्विस धर्मगुरू तेथे सेवेला गेले असता त्यांच्या गुडघ्यांच्या दुखण्यावर एका सहकाऱ्याने त्यांच्याच देशातून आलेले पायांच्या उपचाराचे पुस्तक दिले. गुण आला म्हणून पाद्रीबुवा दुसऱ्यांचे पाय दाबू लागले, आणि पाहता पाहता सगळ्या बेटावर त्याची साथ पसरली. तेथून ती आग्नेय आशियाच्या बाजारपेठांत गेली, आणि आता आपल्याला ती ‘प्राचीन पौर्वात्य विद्या’ म्हणून परत मिळते. हार्टफर्डचा माल, स्वित्झर्लंडमार्गे तैपेई, आणि वर चिनी लेबल!

असो. हे झाले पायांचे. आता कामाकडे वळतो, कारण थकलेला पाय आणि थकलेले मन यांची गाठ कारखान्यात कोणी घातली, ही हकीकत मला नकाशापेक्षा कितीतरी मोलाची वाटते.

१९२३ साली फिलाडेल्फियातील एका कापडगिरणीच्या मालकांपुढे एक कोडे पडले होते. इतर खात्यांत वर्षाकाठी शंभरात पाच-सहा माणसे नोकरी सोडून जात. एका कताईखात्यात मात्र चाळीस माणसे कामावर राखायची तर वर्षाला शंभर नवी भरावी लागत. कार्यक्षमतेचे सल्लागार आणून झाले होते. जास्त काम केल्यास जास्त पैसा, अशा एकामागून एक चार योजना लावून झाल्या होत्या. बक्षिसाच्या रकमेपर्यंत एकही कामगार पोचला नाही. तेव्हा त्यांनी विद्यापीठातून एल्टन मेयो नावाचे ऑस्ट्रेलियन अध्यापक बोलावले. मेयोंनी आधी काही योजले नाही. एक परिचारिका नेमली आणि माणसे काय बोलतात ते ऐकले. त्या खात्यातला कामगार तीसेक वार लांबीच्या बोळात, दोन्ही बाजूंच्या यंत्रांमध्ये, दिवसाचे दहा तास येरझाऱ्या घालीत तुटलेले धागे सांधत असे. यंत्रांच्या गदारोळात शेजाऱ्याशी बोलणे अशक्य. मेयोंना असे आढळले की, जवळजवळ प्रत्येकाचे पाय दुखत होते आणि त्यावर काय करावे हे कोणालाच ठाऊक नव्हते. संध्याकाळी घरी गेले तर जेवून झोपण्यापलीकडे त्राण नसे. आणि प्रत्येकाच्या मनात काळेकुट्ट विचार घोळत असत.

मेयोंनी उपाय सुचवला तो अगदीच बाळबोध. सकाळी आणि दुपारी दहा दहा मिनिटांच्या सुट्ट्या. त्या वेळात आडवे व्हायचे, अंग सैल सोडायचे, जमल्यास झोपायचे. आधी एकतृतीयांश माणसांना ही सवलत दिली, तर ज्यांना मिळाली नाही तेही सुधारले, कारण आपलीही पाळी येणार असा भरवसा वाटला. सोडून जाणे थांबले, माल वाढला, बक्षिसे पदरी पडू लागली. मग एकदा मोठी मागणी आली तेव्हा पर्यवेक्षकाने घाईपोटी सुट्ट्या बंद केल्या. पाच दिवसांत जुने सगळे परत आले: गैरहजेरी, कुरबूर, घसरलेले उत्पादन. गिरणीचे प्रमुख म्हणजे महायुद्धातून परतलेले एक कर्नलसाहेब होते. खात्यातली काही माणसे फ्रान्सात त्यांच्याच हाताखाली लढलेली. त्यांनी हुकूम सोडला की दिवसातून चार वेळा दहा मिनिटे सगळी यंत्रे बंद राहतील, आणि पर्यवेक्षकापासून खालचा प्रत्येक जण विश्रांती घेईल. मुकादमांनी कपाळाला हात लावले. बुडालेला वेळ कोठून भरून काढणार? पण वेळ भरून निघाला, आणि वर उरला.

पुढे यंत्रे पूर्ण बंद न करता प्रत्येक गटाने सुट्टी केव्हा घ्यायची ते आपापसांत ठरवावे, अशी व्यवस्था झाली. बरीच वर्षे लोटल्यावर, १९४५ साली, मेयोंनी या प्रयोगाकडे मागे वळून पाहिले तेव्हा त्यांना वाटले की केवळ पाय टेकल्याने हे घडले नसावे. एकेकटे झुरणारी माणसे एकमेकांशी बोलू लागली, आपले म्हणणे वरपर्यंत पोचते असे त्यांना कळले, आणि सुट्टीची घटका त्यांच्या स्वतःच्या हाती आली. गुण यालाही द्यावा लागेल.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातले प्रयोग याच्या पुढचे आणि याहून प्रसिद्ध. १९२७ पासून पाच मुलींना वेगळ्या खोलीत बसवून विश्रांतीच्या वेळा बदलून पाहिल्या, तर बहुतेक प्रत्येक बदलागणिक काम वाढत गेले. लक्ष दिल्याने माणूस खुलतो, असा निष्कर्ष त्यातून निघाला आणि व्यवस्थापनाच्या पुस्तकांत अजरामर झाला. त्याच पाचांपैकी दोघींना फार बोलतात म्हणून १९२८ च्या जानेवारीत खोलीबाहेर काढून त्यांच्या जागी दुसऱ्या बसवल्या होत्या, ही गोष्ट मात्र पुस्तके हळू आवाजात सांगतात.

फिलाडेल्फियाच्या त्या बोळाचे वर्णन मी प्रथम वाचले तेव्हा मला त्यात परकेपणा वाटला नाही. माझे वडील परळच्या एका गिरणीत विणकर होते. दोन मागांवर उभ्याने आठ तास. रात्रपाळी असली की सकाळी ते लालबागच्या आमच्या खोलीत शिरत ते भिंतीचा आधार घेत. गावाहून येणाऱ्याबरोबर आई कोकमाचे मुठेल मागवून ठेवी. ते दिव्याच्या ज्योतीवर धरायचे आणि वितळलेले थेंब टाचेच्या भेगांत सोडायचे. मग तळव्याला काशाची वाटी. वाटी मी चालवीत असे. दहा मिनिटांत वडील झोपत. मागांच्या आवाजाने त्यांना कमी ऐकू येई, त्यामुळे चाळीतल्या कोलाहलाचा त्यांना त्रास नव्हता; पण मी हात थांबवला की ते जागे होत. तळव्याचा कोणता भाग कोणत्या इंद्रियाचा, हे आम्हांला ठाऊक नव्हते. वाटीखाली गेलेला तो पाय दुसऱ्या रात्री पुन्हा मागापुढे उभा राहणार, एवढे ठाऊक होते.

आणि त्या पायांना आठ तासच उभे राहावे लागे, याचे श्रेय कोणा चेपणाऱ्याकडे जात नाही. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणीकामगारांच्या सभा भरवल्या. जोतीराव फुल्यांचे हे अनुयायी, ‘दीनबंधु’चे संपादक. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज त्यांनी सरकारी आयोगापुढे ठेवला. मागण्या काय होत्या? आठवड्यातून रविवारी सुट्टी. सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम. पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर इजा झाल्यास भरपाई. आणि दुपारी अर्धा तास विश्रांती. सूर्योदयापूर्वी घर सोडणाऱ्या माणसाला दुपारी भाकरी खायला अर्धा तास द्या, हे अर्ज करून मागावे लागत होते! रविवारची सुट्टी मिळायला १८९० चा जून उजाडला. त्याआधी एप्रिलात महालक्ष्मीला झालेल्या सुमारे दहा हजारांच्या सभेत दोन स्त्री-कामगारही बोलल्या होत्या. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत गेले. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्यात दोन लहानशी कलमे आली. पाच तासांपेक्षा अधिक काळ सलग काम नको, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती हवी, हे एक. दुसरे, ज्यांना उभ्याने काम करावे लागते त्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावे म्हणून बसण्याची सोय हवी. एक साधे बाकडे कायद्यात यायला इतकी वर्षे लागली. आणि तो कायदा कारखान्यांचा, दुकानांचा नव्हे. केरळात साड्यांच्या दुकानांतल्या विक्रेत्या दिवसभर उभ्या असत, गिऱ्हाईक नसले तरी भिंतीला टेकणे हा गुन्हा समजला जाई. त्यांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला, तेव्हा २०१८ साली तेथल्या सरकारने कायदा दुरुस्त केला. तामिळनाडूने २०२१ मध्ये.

पाय दाबणारा माणूस मालकाच्या खर्चाने कचेरीत आला तो याच्या फार नंतर. १९८० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील संगणक कंपन्यांत खुर्चीवर बसल्या बसल्या मान आणि पाठ रगडून देण्याची प्रथा पडली. गूगल ही कंपनी चाळीसेक माणसांची होती तेव्हा, १९९९ साली, तिने अंगमर्दनासाठी एका बाईंना अर्धवेळ नेमले आणि पगाराच्या जोडीला थोडे भागही देऊ केले. पाच वर्षांनी भाग बाजारात आले आणि बाई कोट्यधीश झाल्या. माझ्या माहितीप्रमाणे पाय आणि पाठी चोळून इतकी संपत्ती दुसऱ्या कोणी मिळवलेली नाही. डेन्मार्कमध्ये, गोष्टीवेल्हाळ अँडरसनच्या ओडेन्स गावी, टपालखात्याने १९९० च्या सुमारास आपल्या नोकरांसाठी पायांवरच्या या उपचाराची सोय केली आणि आजारपणाच्या रजा घटल्याचे सांगितले. ही हकीकत या विद्येचे प्रचारक आजही पुढे करतात. टपालवाले रोज मैलोगणती चालणारे लोक; त्यांचे पाय दाबले तर त्यांना बरे वाटले यात नवल नाही. पण ज्यांचे पाय दाबले नाहीत अशा तितक्याच टपालवाल्यांशी तुलना केल्याखेरीज ते श्रेय नेमके कोणाचे, हे सांगणार कसे?

अशी तुलना करणारे प्रयोग पुढे झाले. एड्झार्ड अर्न्स्ट यांनी २००९ मध्ये अठरा प्रयोग आणि २०११ मध्ये सहकाऱ्यांसह तेवीस प्रयोग तपासले, आणि रिफ्लेक्सॉलॉजीने कोणताही रोग बरा होतो असे खात्रीने दाखवणारा पुरावा नाही, असे लिहून ठेवले. त्याहून मला आवडलेला प्रयोग २००० सालचा. सहा ठरावीक दुखण्यांपैकी कोणते ना कोणते असलेली अठरा माणसे निवडली. कोणाला काय आहे हे न सांगता दोन जाणकारांपुढे त्यांचे केवळ पाय ठेवले. दोघांना दुखणी ओळखता आली नाहीत, आणि दोघांचे परस्परांशीही जमले नाही. नकाशा खरा असता तर एका गावाला जाणारे दोन वाटसरू निदान एकाच दिशेने निघाले असते. साधे पाय चोळणे आणि नकाशाबरहुकूम दाबणे यांची जेथे तुलना झाली, तेथेही अनेकदा फरक दिसला नाही. दोन्हींनी माणसाला हलके वाटते, नाडी थोडी मंदावते, झोप बरी लागते. म्हणजे वाटी खरी, नकाशा खोटा. निदान माझा निकाल असा आहे. मधुमेहामुळे ज्यांचे तळवे बधिर झाले आहेत किंवा पायाच्या शिरेत ज्यांना गाठ झाली आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून कोणाच्याही अंगठ्याखाली पाय देऊ नये.

आमची नात लोअर परळच्या एका उंच इमारतीत काम करते. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि त्या जमिनींवर ज्या काचेच्या इमारती उठल्या, त्यांपैकी ही एक. तिच्या पणजोबांची गिरणी तेथून फार तर हाकेच्या अंतरावर. तिच्याकडे दर गुरुवारी पाय दाबणारा येतो. मी तिला हा सारा इतिहास ऐकवला. इंगहॅमबाई, चिमटे, अठरा माणसांचे तळवे, सगळे. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “आजोबा, नकाशा खरा की खोटा ते मला माहीत नाही. पण त्या खोलीत फोन बाहेर ठेवावा लागतो. पंधरा मिनिटं मला कोणी काही विचारत नाही. आठवड्यातली तेवढीच.”

ती सकाळी नवाला जाते. रात्री साडेनऊ-दहाला येते, आणि जेवताना पुन्हा फोन वाजतो.

लंडनमध्ये व्हाइटहॉल या सरकारी कचेऱ्यांच्या वस्तीत १९६७ पासून एक मोठी पाहणी झाली. साडेसतरा हजारांवर पुरुष नोकर. सर्वांची समजूत अशी की वरच्या साहेबांना जबाबदारीचा ताण, म्हणून हृदयविकार त्यांना अधिक. आढळले उलटे. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण सर्वांत खालच्या दर्जाच्या नोकरांत सर्वांत वरच्यांच्या तिपटीहून अधिक होते. आणि धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही त्यातला मोठा भाग उलगडेना. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दुसरी पाहणी हाती घेतली, स्त्रियांनाही तिच्यात घेतले, आणि असे दाखवले की आपले काम केव्हा आणि कसे करायचे हे ज्याच्या हाती नाही, त्याच्या काळजावर त्याचा भार पडतो. फिलाडेल्फियाच्या गटांनी सुट्टीची घटका स्वतः ठरवली तेव्हा काय बदलले, त्याचा हा जणू पन्नास-साठ वर्षांनी लिहिलेला खुलासा. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मिळून अंदाज काढला: आठवड्याला पंचावन्न किंवा अधिक तास काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात जगात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे पक्षाघाताने आणि हृदयविकाराने दगावली.

नातीच्या कामाच्या तासांची मी बोटांवर बेरीज केली. ती साठावर गेली. तिच्या कचेरीने पंधरा मिनिटांचा पाय दाबणारा दिला, याबद्दल मी कचेरीला नावे ठेवणार नाही; घरी वाटी चालवायला आता कोणाला सवड आहे? पण लोखंड्यांनी मागितलेला अर्धा तास आणि हा पाव तास यांत एक फरक आहे. तो अर्धा तास कामाच्या वेळातून कापून घ्यायचा होता. हा पाव तास दिला जातो तो पुढचे चार तास माणूस पुन्हा टिकावा म्हणून. कर्नलसाहेबांनी निदान यंत्रे तरी थांबवली होती.

गेल्या महिन्यात नातेवाइकांना कचेरी दाखवण्याचा तेथे दिवस होता. त्या निमित्ताने मीही त्या खोलीत पाय देऊन बसलो. दाबणारा तरुण सातारकडचा; जन्मापासून दृष्टी नाही. जपानात अंगमर्दनाची विद्या सतराव्या शतकापासून अंधांच्या हाती आहे. आपल्याकडेही अलीकडे काही ठिकाणी त्यांना हे शिक्षण देतात. मी त्याला भिंतीवरच्या चित्राबद्दल विचारले. तो हसला. म्हणाला, “चित्र साहेबलोकांसाठी हाय काका. मला टाचंवरनं कळतं. ही हितली माणसं बसून काम करत्यात, पाय गार असत्यात त्यांचं. तुमी उभं राहून काम केल्यालं दिसतंय.”

मी सांगितले, चौतीस वर्षे फळ्यापाशी.

मग मीच त्याला विचारत बसलो. या इमारतीतल्या तीन कचेऱ्या तो आळीपाळीने करतो. सकाळी दहाला सुरुवात, शेवटचा माणूस संध्याकाळी सातला. बसायला वीतभर उंचीचे स्टूल, त्यामुळे कंबर धरते. दिवसाला पंचवीस-तीस माणसे होतात. दुपारी जेवायला अर्धा तास मिळतो, पण गुरुवारी गर्दी असली की तो वीस मिनिटांवर येतो, असे म्हणून त्याने टॉवेल झटकला आणि पुढच्या माणसाला आत बोलावले.